विझलेला लाल दिवा काय सांगतो?

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मंचावर दरवर्षी आरोग्य, अध्यात्म, मुलांचे शिक्षण अशा विषयांवर व्याख्याने होतात. यंदा कार्यकर्त्यांनी मला जुन्या मोटारीच्या लाल दिव्यांवर बोलायला सांगितले आहे. विषय ऐकून काहींना हसू आले असेल. पण या दिव्यामागे पैशाचा प्रश्न आहे, आणि वेळप्रसंगी जिवाचाही. म्हणून थोडा वेळ लक्ष द्यावे, अशी विनंती आहे.

आपल्या भिलाई-३ मध्ये आणि चरोदा, कुम्हारी, दुर्गकडे आजही काही अंगणांत जुन्या गाड्या उभ्या दिसतात. कुणाकडे वडिलांनी प्लँटमध्ये किंवा रेल्वेत असताना घेतलेली फियाट आहे, कुणाकडे अ‍ॅम्बॅसॅडर. सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. तीच पुढे १९७० च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती साऱ्या देशाला माहीत झाली, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून तिथल्या रस्त्यावरून टॅक्सी म्हणून ती कायमची गेली. उत्तरपाड्याच्या अ‍ॅम्बॅसॅडरचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले. म्हणजे आज ज्यांच्याकडे या गाड्या आहेत, त्यांना कंपनीचे सर्व्हिस सेंटर नाही. जुने मिस्त्री थकले, नवे मिस्त्री कॉम्प्युटर लावल्याशिवाय बोनेट उघडत नाहीत. तेव्हा मालकाला स्वतःला थोडे कळले पाहिजे. सुदैवाने या गाड्यांची वायरिंग इतकी साधी आहे की, आठवी-नववीचे विज्ञान आठवले तरी पुरते.

रेल्वेचा नियम आणि मोटारीचा दिवा

इथे रेल्वेत आयुष्य घालवलेली बरीच मंडळी बसली आहेत. यार्डात, लोको शेडमध्ये, सिग्नल खात्यात काम केलेले आहेत. त्यांना मी एक प्रश्न विचारतो. रात्री गाडी चालवताना समोरच्या सिग्नलचा दिवाच विझलेला असला, तर चालक काय करतो? ‘लाल दिसत नाही, म्हणजे रस्ता मोकळा’ असे समजून पुढे जातो का? मुळीच नाही. विझलेला सिग्नल हा सर्वांत कडक संकेत देतो आहे असे मानायचे, हा रेल्वेचा नियम आहे. रंगीत दिव्यांच्या सिग्नलमध्ये तर लाल दिवा गेला की मागचा सिग्नल आपोआप लाल राहावा, अशीही सोय केलेली असते. बिघाड झालाच तर तो सुरक्षेच्या बाजूने व्हावा, हा त्यामागचा विचार.

आता मोटारीकडे या. डॅशबोर्डवर एक लाल दिवा चार्जिंगचा, एक ऑइलच्या दाबाचा. काही मॉडेलांत ऑइलसाठी दिव्याऐवजी काटा असतो, पण तत्त्व तेच. हे दिवे विझलेले असले की आपण म्हणतो, ‘सगळे ठीक आहे.’ पण बल्ब उडाला असला तरी दिवा विझलेलाच दिसणार. वायर तुटली असली, फ्यूज गेला असला तरीही विझलेलाच. म्हणजे रेल्वेच्या अगदी उलट. इथे बिघाड झाला, तर तो खोटा दिलासा देतो.

आजच्या व्याख्यानातली एकच गोष्ट घरी न्यायची असेल, तर ही न्या. लाल दिवा लागला तर घाबरायचे आहेच, पण किल्ली फिरवल्यावर तो लागला नाही, तर जास्त घाबरायचे. गाडी सुरू करण्यापूर्वी किल्ली पहिल्या टप्प्यावर फिरवा, दोन सेकंद थांबा आणि दोन्ही लाल दिवे लागले का ते पाहा. मग सेल्फ मारा. दिवे एकेक करून विझले पाहिजेत. ही रोजची तपासणी आहे, आणि तिला एक पैसा लागत नाही.

चार्जिंगचा दिवा

या दिव्याची रचना मोठी गमतीची आहे. त्याचे एक टोक किल्लीमार्गे बॅटरीला आणि दुसरे टोक डायनॅमोला जोडलेले असते. इंजिन बंद असताना डायनॅमोकडे व्होल्टेज नसते. त्यामुळे बॅटरीचा करंट बल्बमधून डायनॅमोच्या आर्मेचरमार्गे अर्थला जातो आणि दिवा पेटतो. इंजिन सुरू झाले, डायनॅमो फिरू लागला, त्याचे व्होल्टेज बॅटरीइतके झाले की बल्बच्या दोन्ही टोकांना सारखेच व्होल्टेज येते. दोन्ही बाजूंनी सारखाच जोर असला तर दोरी हलत नाही, तसे करंट वाहत नाही आणि दिवा विझतो. म्हणजे हा दिवा दोन बाजूंमधला फरक दाखवतो. एवढे लक्षात ठेवले की अर्धे निदान झाले.

आता लक्षणे पाहू. डायनॅमोच्या गाडीत अगदी मंद आयडलिंगला दिवा मिणमिणला आणि जरा रेस दिल्यावर विझला, तर तो दोष नाही. डायनॅमोला मंद गतीत पुरेसे व्होल्टेज तयार करता येत नाही. रेस देऊनही दिवा लखलखीत राहिला, तर आधी फॅन बेल्ट पाहा. बेल्ट ठीक असेल तर डायनॅमोचे कार्बन झिजले आहेत का, कम्युटेटर काळा पडला आहे का, ते तपासा. दिवा एकदा विझून रेस वाढवताच पुन्हा उजळू लागला, तर डायनॅमो काम करतो आहे, पण त्याचा करंट बॅटरीपर्यंत पोचत नाही. अशा वेळी रेग्युलेटर बॉक्समधल्या कटआउटचे पॉइंट आणि तिथले सैल स्क्रू पाहावेत. आणि हेडलाइट, वायपर लावल्यावरच दिवा अंधुक पेटत असेल, तर इग्निशन स्विच किंवा फ्यूजच्या जोडणीत गंज आहे. तिथे व्होल्टेज गळते आणि बल्बच्या दोन बाजूंत फरक पडतो. अशा वेळी नवा डायनॅमो घेणे म्हणजे दात दुखतो म्हणून चष्मा बदलण्यासारखे आहे.

या दिव्याकडे ‘बॅटरी थोडी उतरेल, घरी जाऊन पाहू’ म्हणून दुर्लक्ष करण्याची चूक पुष्कळ जण करतात. या जुन्या गाड्यांमध्ये बहुधा एकच पट्टा डायनॅमो, पंखा आणि पाण्याचा पंप असे तिन्ही फिरवतो. पट्टा तुटला तर बॅटरी नंतर उतरेल, इंजिन मात्र काही मिनिटांत उकळेल. म्हणून चार्जिंगचा दिवा चालत्या गाडीत एकदम पेटला, तर गाडी बाजूला घ्या आणि पट्टा जागेवर आहे ना ते पाहा. असेल तर हेडलाइटशिवाय दिवसाउजेडी काही अंतर जाता येते. नसेल तर एक मैलही जाऊ नका.

नंतरच्या गाड्यांत डायनॅमोऐवजी अल्टरनेटर आला. इथे हा बल्ब आणखी एक काम करतो. बहुतेक अल्टरनेटरना सुरुवातीला चुंबकत्व येण्यासाठी याच बल्बमधून थोडा करंट मिळतो. साधारण २.२ वॅटचा बल्ब, म्हणजे पाव अँपिअरहूनही कमी. पण तो उडाला तर अल्टरनेटर लवकर जागाच होत नाही, कधी कधी चार्जिंग होतच नाही, आणि ते सांगणारा दिवाही मेलेला. हल्ली हौसेने डॅशबोर्डवर एलईडी बल्ब बसवतात. इतर ठिकाणी बसवा, पण या जागी बसवू नका. एलईडीतून पुरेसा करंट जात नाही.

तपासणीसाठी एक साधा मल्टिमीटर घ्या. बारा व्होल्टची चांगली भरलेली बॅटरी, गाडी काही तास उभी असताना, १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन जरा रेसवर असताना बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.४ मिळाले तर चार्जिंग ठीक. साडेबाराच्या पुढे सरकत नसेल तर चार्जिंग नाही. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे, बॅटरीचे पाणी आटेल आणि बल्ब पटापट उडतील. या शेवटच्या दोषात लाल दिवा मात्र शांतपणे विझलेला राहील, हेही ध्यानात ठेवा.

ऑइलचा दिवा

हा दिवा त्याहून सरळ आहे. इंजिनच्या अंगावर एक छोटा स्विच बसवलेला असतो. ऑइलचा दाब नसला की तो बल्बची वायर अर्थला जोडतो आणि दिवा लागतो. दाब आला की जोडणी सुटते आणि दिवा विझतो. पण हा स्विच फार उशिरा ओरडतो. दाब साधारण पाच-सात पौंडांच्या खाली गेल्यावरच तो दिवा लावतो. म्हणजे दिवा पेटला तेव्हा दाब जवळजवळ संपलेलाच असतो. म्हणून ‘पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ’ हा विचारही नको. इंजिन लगेच बंद करा.

आपल्यातलेच एक कुटुंब महालक्ष्म्यांसाठी नागपूरला निघाले होते. सेकंडहँड घेतलेली पद्मिनी, मागे आजी आणि लहान मूल. राजनांदगाव गेले, बागनदी ओलांडून महाराष्ट्रात शिरले. देवरीच्या पुढे इंजिनातून खडखड आवाज आला आणि गाडी जाम झाली. खालचा ड्रेन प्लग सैल होऊन ऑइल वाटेतच गळून गेले होते. लाल दिवा एकदाही लागला नाही. नंतर डॅशबोर्ड उघडला तेव्हा कळले की, होल्डरमध्ये बल्बच नव्हता. आधीच्या मालकाकडे तो दिवा सारखा लागत असावा आणि कुणीतरी सोपा उपाय केला असावा. रात्रीची वेळ, दोन्ही बाजूंना जंगल, ट्रकची वर्दळ. माणसे सुखरूप घरी आली, ही बाप्पाची कृपा. इंजिनचे क्रँक आणि बेअरिंग मात्र गेले. दोन-पाच रुपयांचा बल्ब काढल्याची ती किंमत. म्हणून जुनी गाडी विकत घेताना रंग आणि सीटकव्हर नंतर पाहा. आधी किल्ली फिरवून दिवे मोजा.

दिवा लागलाच तर निदान कसे करायचे? आधी डिपस्टिक काढून ऑइल पाहा. कमी असेल तर गळती शोधा. ऑइल पुरेसे असेल तर इंजिन बंद ठेवूनच स्विचवरची वायर काढा आणि किल्ली फिरवा. वायर काढूनही दिवा लागलेलाच राहिला, तर ती वायर वाटेत कुठेतरी सोलून बॉडीला लागते आहे. वायर काढताच दिवा विझला, तर वायर निर्दोष आहे, आणि दोष स्विचचा तरी आहे किंवा खरोखरच दाब नाही. इथे अंदाज चालवू नका. स्विच काढून त्या जागी मिस्त्रीकडून प्रेशर गेज लावून घ्या. गेजने दाब चांगला दाखवला तरच स्विच बदलून मोकळे व्हा.

उलट तक्रार असेल, म्हणजे किल्ली फिरवूनही दिवा लागतच नाही, तर वायर स्विचवरून काढून इंजिनच्या लोखंडाला टेकवा. दिवा लागला तर स्विच खराब. नाही लागला तर बल्ब, फ्यूज किंवा वायर पाहा. दोन मिनिटांत उत्तर मिळते.

माझा नियम असा आहे की, लाल दिवा खोटा आहे हे सिद्ध होईपर्यंत तो खराच मानावा.

भुताटकी नव्हे, अर्थिंग

काही वेळा तक्रार विचित्र असते. ब्रेक दाबला की इंडिकेटरचा दिवा मिणमिणतो. हेडलाइट लावले की डॅशबोर्डवरचे दोन-तीन दिवे एकदम अंधुक पेटतात. मिस्त्री म्हणतो, पूर्ण वायरिंग बदला. थांबा. जुन्या गाडीत करंट जाण्यासाठी वायर असते, पण परतीचा रस्ता म्हणजे गाडीची बॉडीच. तो रस्ता गंजाने अडला की करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. गल्लीत खोदकाम झाले की लोक दुसऱ्याच्या अंगणातून जातात ना, तसेच हे. अनेक दिवे एकदम अंधुक लागले, तर दोष दिव्यांचा नाही, अर्थिंगचा आहे.

तीन जागा पाहा. बॅटरीपासून बॉडीला जाणारी वायर, इंजिनपासून बॉडीला जाणारी तांब्याच्या जाळीची पट्टी आणि डॅशबोर्डच्या मीटरचा अर्थ. इंजिनची पट्टी तुटली तर सेल्फचा जबर करंट चोक किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून परत जाऊ पाहतो. केबल तापून धूर निघालेला मी पाहिला आहे. पट्टी काढा, दोन्ही बाजूंचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने खरवडून लोखंड चमकेपर्यंत साफ करा, घट्ट आवळा आणि वरून थोडे ग्रीस लावा.

इथे मीटरचा ‘बीप’ फसवतो. वायरची एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजतो. म्हणून इंजिन चालू ठेवून आणि हेडलाइट लावून, म्हणजे करंट वाहत असताना, मीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थ टोकावर आणि दुसरी इंजिनवर ठेवा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थिंग खराब आहे असे समजा.

आणि हो, पावसाळ्यात उंदीर. बाप्पाचे वाहन आपल्या वाहनात मुक्कामाला येते आणि वायरचे प्लॅस्टिक कुरतडते. उभी असलेली गाडी आठवड्यातून एकदा तरी बोनेट उघडून पाहावी.

हात लावण्यापूर्वी

वायरिंगला हात लावण्यापूर्वी बॅटरीचे अर्थ टोक काढा, आणि जोडताना ते शेवटी जोडा. बोटातली अंगठी, हातातले कडे काढून ठेवा. बारा व्होल्टने झटका बसत नाही, पण अंगठीतून शॉर्ट झाला तर ती तापून बोट भाजते. फार जुन्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असायचे. तेव्हा बॅटरी बदलताना आधी खात्री करा. फ्यूज गेला तर त्याच मापाचा फ्यूज लावा. सिगारेटची चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळली तर फ्यूज उडत नाही हे खरे, पण मग वायरिंग जळते. शिवाय या गाड्यांत बॅटरीपासून येणाऱ्या मुख्य वायरला बहुधा फ्यूज नसतोच. म्हणून बॅटरीच्या टोकाला फिरकीचा कट-ऑफ स्विच जरूर बसवावा. जळका वास आला तर एका हाताने सगळे बंद होते.

श्रोत्यांचे काही प्रश्न

व्याख्यानानंतर एका काकांनी विचारले, “इंजिन चालू ठेवून बॅटरीचे टोक काढतात आणि गाडी बंद पडली नाही तर चार्जिंग ठीक असे सांगतात. ते बरोबर का?” ही जुनी डायनॅमोच्या काळातली सवय आहे, आणि तेव्हाही ती चांगली नव्हती. अल्टरनेटरच्या गाडीत तर असे कधीच करू नये. बॅटरी सुटताच व्होल्टेज एकदम उसळते आणि आतले डायोड जातात. मीटर असताना ही परीक्षा हवी कशाला?

एका ताईंचा प्रश्न होता, “आम्हाला यातले काही कळत नाही. आम्ही काय करायचे?” ताई, तुम्ही गाडीत बसल्यावर चालवणाऱ्याला फक्त एवढेच विचारा, “दोन्ही लाल दिवे लागले होते का?” घरातल्या कुणीही विचारावे, लहान मुलांनीही विचारावे. उत्तर आले नाही तर गाडी हलू देऊ नका.

एका तरुणाने विचारले, “एवढ्या जुन्या गाडीवर खर्च करावा का?” पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज नोंदणीचे नियम केले आहेत, पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. बाकी गाड्यांचे काय करायचे, ते ज्याने त्याने ठरवावे. मात्र गाडी ठेवायची तर तिचे दिवे जिवंत ठेवूनच ठेवावी.

मंडळी, या साध्या गाड्यांकडे आपल्याशी बोलायला हे दोनच लाल दिवे आहेत. ते बोलले की ऐकावे, आणि गप्प असले तर का गप्प आहेत ते किल्ली फिरवून रोज विचारावे. उद्या सकाळी गाडी काढाल तेव्हा फक्त दोन सेकंद थांबा. आपणा सर्वांचे प्रवास सुखरूप होवोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!